काहीतरी लाव गं!

वॅक्सिंगचा विषय निघाला की बोलणं हटकून पट्टी ओढण्यापाशी येतं. कोण किती जोरात ओरडली, कुणाच्या डोळ्यांतून पाणी आलं, कोणत्या ताईचा हात हलका आणि कोणती मागच्या जन्मीचा सूड उगवल्यासारखी ओढते, यावर तास तास चर्चा रंगते. हल्ली पुरुषही छाती-पाठीचं वॅक्सिंग करून घेतात आणि पुढे महिनाभर ‘तुम्ही बायका हे कसं सहन करता’ असं भक्तिभावाने विचारत फिरतात. या कौतुकात मुद्दा बाजूलाच राहतो. पट्टी ओढायला एक सेकंद लागतो, आणि ओढणारी बाई दिवसभर तेच काम करत असल्यामुळे तिचा हात बसलेला असतो. खरा घोळ होतो तो आदल्या दिवशी आणि नंतरच्या दोन दिवसांत, म्हणजे त्वचा पूर्णपणे आपल्या ताब्यात असते तेव्हा. त्या काळात त्वचेचं मागणं अगदी माफक असतं: माझ्या वाटेला जाऊ नका. पण मराठी घराला नेमकं हेच जमत नाही. अंगावर कुठे लाल दिसलं रे दिसलं की आजीपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळ्या एकमुखाने म्हणतात, “अगं, काहीतरी लाव!” काय लावायचं ते मागाहून ठरतं. लावायचं हे मात्र आधीच ठरलेलं असतं.

मुळात त्या खुर्चीवर घडतं काय, ते बघू. पार्लरमधलं साधं वॅक्स म्हणजे साखर, लिंबाचा रस आणि पाणी यांचा आटवलेला चिकट पाक. मध, चॉकलेट, फळफळावळ अशी नावं डब्यावर चढत जातात आणि त्यांच्यामागून दरही चढतात. महागड्या डब्यांत पुष्कळदा साखरेच्या जागी राळ आणि तेलं असतात. फरक ओळखायला सोपा आहे: साखरेचं वॅक्स पाण्याने निघतं, राळेच्या वॅक्सला तेल लागतं. (राळेची काहींना ॲलर्जी असते. म्हणून नवं वॅक्स सगळ्या पायावर फासण्याआधी आदल्या दिवशी एवढ्याशा जागी लावून बघणं शहाणपणाचं. हे कुणी करत नाही.) केस ज्या दिशेने वाढतो त्या दिशेने वॅक्स पसरायचं, वर पट्टी दाबायची, एका हाताने त्वचा ताणून धरायची आणि उलट दिशेने, त्वचेला लगटून, एका झटक्यात ओढायची. यात केस मुळासकट उपटून येतो. त्याबरोबर त्वचेचा अगदी वरचा, मृत पेशींचा पापुद्राही थोडाफार येतो. केस ज्या खोबणीत रुजलेला असतो ती काही काळ उघडी पडते, तिथे रक्तपुरवठा वाढतो, जागा लाल होते आणि किंचित सुजते. वैद्यकाच्या भाषेत ही किरकोळ दुखापतच, फक्त दोन हात आणि दोन पाय भरून, एकाच दिवशी, पैसे देऊन करून घेतलेली. पैसे चुकते करून जिना उतरलो की आपलं काम संपलं असं आपल्याला वाटतं. त्वचेचं काम मात्र तिथे नुकतंच सुरू झालेलं असतं.

आधीच्या तयारीत लोक जे करायला हवं त्याच्या बरोबर उलट करतात. केस तांदळाच्या दाण्याएवढे वाढलेले असले की पट्टीला नीट धरतात. त्याहून आखूड असले तर निसटतात किंवा मध्येच तुटतात. पण पार्लरच्या वारापर्यंत धीर निघत नाही. मध्येच कुठेतरी हळदीकुंकू येतं, बिनबाह्यांचं ब्लाऊज असतं, रेझर फिरतो, आणि मग आठ दिवसांनी ताई म्हणतात, “ग्रोथ कमी आहे हो.” यावर “असू दे, काढा तुम्ही” हे ठरलेलं उत्तर. त्या बिचाऱ्या काढतात, एकाच जागी तीन-तीनदा पट्टी मारतात, आणि तिसऱ्या पट्टीत केसाऐवजी कातडी येते. दुसरी तयारी अंघोळीची. एक-दोन दिवस आधी हलक्या हाताने मळ काढावा, म्हणजे त्वचेखाली दबलेले केस मोकळे होतात. हे काम वॅक्सिंगच्याच सकाळी दगडाने खसाखसा घासून उरकलं जातं. अंगाला तेल किंवा लोशन चोपडून पार्लर गाठणाऱ्यांबद्दल काय बोलावं! त्या तेलावर वॅक्स धरत नाही, मग ताई पावडरीचा डबा अर्धा रिकामा करतात.

पार्लरमध्ये सहसा न विचारला जाणारा आणि म्हणूनच सर्वांत महत्त्वाचा प्रश्न चेहऱ्याला तुम्ही काय लावता आणि कोणत्या गोळ्या घेता, हा आहे. मुरमांसाठी डॉक्टरांनी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या दिल्या असतील तर त्या चालू असताना आणि बंद केल्यावर निदान 6 महिने वॅक्सिंग करायचं नसतं, कारण त्या काळात त्वचा नाजूक झालेली असते आणि व्रण राहू शकतात. रेटिनॉलसारख्या क्रीमनेही वरचा थर हळवा होतो, म्हणून ती क्रीम काही दिवस आधी थांबवावी लागते. आणि ज्या ‘गोरं करणाऱ्या’ ट्यूब मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणल्या जातात, त्यांच्यातल्या कित्येकांत स्टेरॉइड असतं, त्याने त्वचा पातळ होते. अशा ओठांवर वॅक्सची पट्टी पडली की लवीबरोबर साल निघते, आणि दोष जातो वॅक्सच्या कंपनीला. ट्यूबचं नाव कुणी काढत नाही, कारण ती ‘साधी क्रीम’ असते. मधुमेह असेल किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारावं. इथे मात्र आपला सल्ला देण्याचा उत्साह अचानक आटतो.

आता उष्ट्याकडे येऊ. मराठी स्वयंपाकघरात उष्टा चमचा आमटीच्या पातेल्यात गेला तर घरात सुतक पडल्यासारखी शांतता पसरते. लोणच्याच्या बरणीत ओला हात घालणाऱ्याचं नाव तीन पिढ्या काढलं जातं. हे सगळे नियम पाळणारं घर पार्लरच्या पायरीशी येतं आणि आपलं सोवळं चपलांबरोबर बाहेर ठेवतं. आत हीटरवर एकच डबा असतो. त्यातली सुरी पहिल्या बाईच्या पायावरून फिरून पुन्हा डब्यात, दुसरीच्या काखेतून फिरून पुन्हा डब्यात, असा सकाळपासून प्रवास करत असते. वॅक्स गरम असल्याने जंतू मरतात, हा यावरचा आवडता बचाव आहे. तो टिकत नाही. अंगाला सोसेल एवढ्या कोमट वॅक्सने जंतूंना काही होत नाही. जंतू मारण्याइतकं ते तापलं असतं तर गिऱ्हाईक आधी भाजलं असतं. आपल्या त्वचेवर स्टॅफिलोकोकस जातीचे जंतू एरवी सुखाने नांदत असतात. उघडी खोबण मिळाली की तेच आत शिरतात. म्हणून प्रत्येक वेळी नवी लाकडी काडी, किंवा निदान आपल्यापुरतं वेगळ्या वाटीत काढून घेतलेलं वॅक्स, एवढं मागायला लाजू नये. भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी पाव तास भांडणाऱ्या आपण इथे का गप्प बसतो, ते कळत नाही.

नंतरच्या काळजीकडे वळताना एक फरक ध्यानात ठेवावा, म्हणजे निम्मा घोटाळा वाचतो. वॅक्सिंग झाल्यावर पाच-दहा मिनिटांत अंगावर बारीक, खाजणारे लाल दाणे उठतात, ते बहुतेक वेळा ओढाताणीमुळे शरीराने दिलेलं उत्तर असतं आणि काही तासांत आपोआप बसतं. एक-दोन दिवसांनी केसाच्या मुळाशी पू धरलेले दाणे आले तर तो जंतुसंसर्ग. पहिल्या प्रकारावर उपाय करायचा नसतो आणि दुसऱ्यावर घरी करायचा नसतो. गंमत अशी की घरगुती उपायांचा सगळा मारा होतो तो पहिल्या प्रकारावर, आणि त्या माऱ्यातून बरेचदा दुसरा प्रकार उभा राहतो. पहिल्या दिवशी करायचं ते इतकंच: गार पाण्यात भिजवलेला स्वच्छ फडका ठेवावा, वास नसलेलं साधं लोशन हलक्या हाताने लावावं आणि सैल सुती कपडे घालावेत. पुढचे दोन दिवस कढत पाण्याची अंघोळ, व्यायामशाळा, पोहण्याचा तलाव आणि भर दुपारचं ऊन टाळावं. काखेत वॅक्सिंग केलं असेल तर डिओ आणि अत्तर दुसऱ्या दिवसापर्यंत कपाटातच राहू द्यावं. मुंबईच्या दमट हवेत घट्ट लेगिंग्ज चढवून लोकलच्या गर्दीत शिरण्यासारखं वॅक्सिंगनंतर त्वचेशी दुसरं वैर नाही: घाम, घासणं आणि कोंडलेली हवा, सगळं एका तिकिटात.

“एवढंच?” हा यावरचा पहिला आक्षेप, आणि तो खरोखर दुखावलेल्या सुरात येतो. काही न करण्याला आपल्याकडे काळजी म्हणत नाहीत, निष्काळजीपणा म्हणतात. मग डाळीचं पीठ येतं, दही येतं, हळद येते, लिंबू येतं. पार्लरमधूनच सुरुवात झालेली असेल तर तुरटी किंवा निळसर जंतुनाशक पाणी आधीच लागलेलं असतं. कुणीतरी टूथपेस्टही सुचवतं, कारण आपल्याकडे भाजण्यापासून मुरमापर्यंत टूथपेस्ट सगळ्यावर चालते. दात घासायलाही वापरतात म्हणे. या मंडळींचं म्हणणं असं की हे सगळं नैसर्गिक आहे, त्याने अपाय होणार कसा? लिंबूच घेऊ. लिंबाच्या रसातली काही द्रव्यं त्वचेवर असताना ऊन लागलं तर ती जागा भाजल्यासारखी होते, फोड येतात आणि काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. हे लिंबू बाजारातून आणलं तरी होतं आणि परसातल्या झाडाचं काढलं तरी होतं. डाळीचं पीठ एरवी गुणी, पण सोललेल्या त्वचेवर ते खरखरीत असतं, आणि वाळल्यावर चोळून काढलं की वॅक्सने जे सोडून दिलं होतं तेही निघून येतं. मात्र वॅक्स जास्त गरम होऊन खरोखर भाजलंच तर स्वस्थ बसायचं नाही. नळाचं साधं गार पाणी 20 मिनिटं वाहतं ठेवायचं. नेमका हा एकच उपाय घरात असून लोकांना पटत नाही, कारण त्यात काही ‘लावलेलं’ दिसत नाही.

दुसरा आक्षेप परंपरेच्या दालनातून येतो. आपल्या आज्या-पणज्या कुठे पार्लरमध्ये जायच्या, त्यांची कांती बघा. आणि तान्ह्या बाळाला नाही का कणकेचा गोळा फिरवून लव काढत? आज्यांच्या कांतीबद्दल एवढंच म्हणता येईल की कृष्णधवल फोटोत पुरळ दिसत नाही. कणकेच्या गोळ्याचं प्रकरण जास्त मजेदार आहे. जन्मतः बाळाच्या अंगावर असलेली मऊ लव पहिल्या काही आठवड्यांत-महिन्यांत आपोआप गळून जाते. गोळा फिरवला तरी जाते आणि नाही फिरवला तरी जाते; श्रेय मात्र गोळ्याला आणि मालीशवाल्या बाईंना मिळतं, वर साडीही मिळते. परंपरेवर राग नाही. तिने आपल्याला सुती कपडा दिला, गार पाण्याची घडी दिली. पण नुकत्याच उपटलेल्या केसांच्या जागी काय करावं याचा तिला विशेष अनुभव नव्हता, कारण ती असे हातपाय भरून केस उपटत नव्हती.

याच परंपरेशी वॅक्सिंगची समोरासमोर गाठ पडते ती लग्नात. तुळशीचं लग्न लागलं की माणसांची लग्नं सुरू होतात आणि पार्लरच्या भिंतीवर ‘ब्रायडल पॅकेज’चे कागद लागतात. त्यात संपूर्ण अंगाचं वॅक्सिंग, ब्लीच, पॉलिशिंग आणि फेशियल हे सगळं एका दुपारी बसवलेलं असतं. वॅक्सिंगने सोललेल्या अंगावर लगेच अमोनियाचं ब्लीच म्हणजे आगीतून फुफाट्यात. ‘याने टॅनपण निघेल’ अशी खात्री वर दिली जाते. वरचा मृत पापुद्रा गेल्याने हात क्षणभर उजळ दिसतो, एवढंच त्यात खरं. खालच्या थरांतला रंग जिथल्या तिथे असतो. संध्याकाळी मेंदी. मेंदी लवकर रंगावी म्हणून निलगिरीचं तेल, आणि काळ्याभोर मेंदीत बरेचदा केस रंगवायचं रसायन, ज्याची ॲलर्जी फार वाईट असते. दुसऱ्या दिवशी हळद. आधी नवऱ्याला लागलेली उष्टी हळद वाजतगाजत नवरीकडे येते, पाच सवाष्णी आंब्याच्या पानांनी ती लावतात, हे झालं शास्त्र. त्यानंतर मावश्या, माम्या, आत्या आणि नवरीच्या मैत्रिणी दोन्ही हातांनी जे चोळतात त्याला शास्त्रात आधार नाही. मग गच्चीवर भर उन्हात फोटो आणि शेवटी कढत पाण्याचं न्हाण. पहिल्या दोन दिवसांत टाळा म्हणून सांगितलेल्या गोष्टींची यादी घेऊन बसलात तर या सोहळ्यात क्वचितच एखादी सुटलेली सापडेल. पोहण्याचा तलाव तेवढा राहतो, आणि रिसॉर्टमधल्या लग्नांनी तीही उणीव भरून काढली आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार: मुळात हे करायचंच कशाला? केस असले तर बिघडलं कुठे? काहीही बिघडलं नाही. बायकांच्या काखेतल्या केसांची लाज हा काही सनातन धर्म नाही. 1915 साली जिलेट कंपनीने अमेरिकेत खास बायकांसाठी ‘मिलेडी डेकोलेटी’ नावाचा रेझर बाजारात आणला, त्याच सुमारास बिनबाह्यांच्या कपड्यांची फॅशन आली आणि जाहिरातींनी लाज शिकवली. ज्यांना हे सगळं नको त्यांनी खुशाल नको म्हणावं, त्यांच्या हातापायांकडे बघून भुवया उंचावणाऱ्यांनी आपल्या भुवया थ्रेडिंगला न्याव्यात. पण करायचं की नाही हा एक प्रश्न आणि केल्यावर त्वचेचं काय करायचं हा दुसरा. पहिल्याचं उत्तर ‘हो’ दिलेल्यांना दुसऱ्याचं उत्तर लागतंच. काहीजणी मधला मार्ग म्हणून रेझर घेतात आणि लगेच सल्ला येतो, त्याने केस राठ होतात. 1928 साली मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ बाईंनी पुरुषांच्या दाढीचे केस मोजून दाखवलं की दाढी केल्याने केसाचा रंग, जाडी किंवा वाढीचा वेग बदलत नाही. टोक बोथट कापलं जातं म्हणून हाताला खरबरीत लागतं. हे सांगून जवळजवळ 100 वर्षं झाली. अजून ते आमच्या आळीपर्यंत पोहोचलेलं नाही.

राहता राहिला वेळेचा आक्षेप. नोकरी, घर, मुलांचे क्लास यांतून पार्लरला जायला मिळतो रविवारच, आणि सोमवारी सकाळी लोकल असतेच. दोन दिवस आरामात काढायला आम्ही काय संस्थानिक आहोत? हे खरं आहे. पण सैल पायजमा घालायला सुट्टी लागत नाही आणि डिओ न मारायला तर मुळीच वेळ लागत नाही. उलट ज्या गोष्टी करू नका म्हणतो आहोत त्यांनाच वेळ जातो: पीठ भिजवणं, लिंबू पिळणं, वाळेपर्यंत हात पसरून बसणं, आणि दुसऱ्या दिवशी आलेले दाणे आरशासमोर नखांनी फोडणं. हे शेवटचं तर अजिबात करू नये, त्यानेच काळे डाग राहतात. तीन-चार दिवसांनंतर, लाली पूर्ण गेल्यावर, आठवड्यातून दोनदा मऊ पंच्याने हलकेच अंग चोळलं आणि रोज साधं लोशन लावलं की आत वळून अडकणारे केस पुष्कळ कमी होतात. आठ दिवसांत थोडे केस दिसले तरी पार्लरवर धावून जाऊ नये. सगळे केस एकाच वेळी वाढीला नसतात. वॅक्सिंगच्या दिवशी जे त्वचेखाली होते तेच आता वर आलेले असतात, आणि पुढचं वॅक्सिंग तीन ते सहा आठवड्यांनीच करायचं असतं. पू पसरला, ताप आला किंवा लाली वाढतच गेली तर कुणाचंही न ऐकता त्वचारोगतज्ज्ञाकडे जावं.

तेव्हा यंदा घरात लग्न असेल आणि हळद शनिवारी असेल, तर वॅक्सिंग मंगळवारी किंवा फार तर बुधवारी उरका, ब्लीचला सरळ नाही म्हणा, आणि गुरुवार-शुक्रवार काकूंना रुखवताच्या कामाला लावा.